यमक सुटलं, म्हणून कविता सुटली का?

आपल्या बचत गटांतल्या बायका आता रेडिओसाठी स्वतः लिहितात. पण यमक जुळवता जुळवता खरी गोष्टच बदलून जाते, हे आम्हाला वारंवार दिसतं. हप्ता थकलेला असतो आणि यमकासाठी तो फेडला जातो! म्हणून आज यमकाचाच इतिहास पाहू.

कवितेला दोन दोर असतात. एक यमकाचा, म्हणजे ओळींच्या शेवटी सारखा आवाज. दुसरा मोजणीचा, म्हणजे ओळीत अक्षरं किती, लघू-गुरू कुठं.

आपल्या मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांत दोन्ही दोर आहेत. साधारण आठ अक्षरांचे चरण आणि शेवटी यमक, म्हणून ते चटकन पाठ होतात. जात्यावरची ओवी यमक धरते, पण मोजणी सैल ठेवते. अक्षर कमी पडलं तर बाई सूर लांबवते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, तरी घरोट्यावर, शेतात त्यांची गाणी होत गेली. ती घरच्यांनी उतरवून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक झालं.

आता उलटी बाजू. कालिदासाचं मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे. प्रत्येक चरणात 17 अक्षरं, लघू-गुरूची जागा ठरलेली, पण यमकाची सक्ती नाही. मराठी पंडित कवींनी संस्कृतातली वृत्तं घेतली आणि त्यांना यमक जोडलं. त्यामुळं यमकाशिवाय कविता नाही, असं आपल्या कानाला वाटू लागलं.

इंग्रजीत मिल्टननं 1667 साली यमकाशिवाय महाकाव्य छापलं. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी 1861 साली तेच केलं. मराठीत सावरकरांनी अशा रचनेसाठी ‘वैनायक’ वृत्त घडवलं. ही झाली निर्यमक कविता. तिच्यात यमकाचा दोर सुटतो, मोजणीचा मात्र पक्का राहतो.

मुक्तछंद याहून वेगळा. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी तो मराठीत रुजवला. 1940 साली त्यांचं ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य मुक्तछंदात आलं. ओळ लांब-आखूड झाली, ठरलेली मोजणी गेली, पण बोलण्याची लय राहिली. पुढं नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ यांनी कामगारांचं आणि वस्तीतलं जगणं मोकळ्या रचनेत मांडलं. ते जगणं ठरलेल्या मापात बसणारं नव्हतं.

फरक कानाला कळावा म्हणून आम्ही काही ओळी जुळवल्या आहेत. आधी यमकासह:

तापी भरून वाहते,
गाव काठाशी पाहते.

दोन्ही ओळींत आठ अक्षरं. आता निर्यमक:

तापी भरून वाहते,
माय दारात थांबली.

अक्षरं आठच, यमक नाही. आणि हा मुक्तछंद:

तापी भरून आली
आणि काठावरच्या बाईनं
गटाची वही
उंच फळीवर ठेवली.

इथं अक्षरं मोजायची नाहीत. पण ‘गटाची वही’ ही ओळ मुद्दाम आखूड आहे. तिथं श्वास थांबतो आणि वहीकडं लक्ष जातं. हेच वाक्य सरळ एका ओळीत लिहिलं तर तो थांबा जातो. म्हणजे मुक्तछंदातही शिस्त असतेच, फक्त ती प्रत्येक कवितेत नव्यानं शोधावी लागते.

तेव्हा बायांनो, लिहिताना आधी सांगायचं काय ते ठरवा. गाण्यासारखं पाठ व्हावं असं वाटलं तर यमक घ्या. मोठी गोष्ट एका चालीत सांगायची असेल तर अक्षरं मोजा आणि यमक सोडा. थांबत, अडखळत सांगायचं असेल तर मुक्तछंद घ्या. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडेल तिथं शब्द बदला, पण थकलेला हप्ता थकलेलाच राहू द्या.