आधीं बिऱ्हाड, कीं आधीं शाळा?

राजे राजधानी हलवितात तेव्हां बखरकार लेखणी सरसावून बसतात. पण कारकुनानें बिऱ्हाड हलविलें तर त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. फार झालें तर एका वाण्याच्या खातेवहींतून एक नांव कमी होतें आणि दुसऱ्याच्या खातेवहींत तें चढतें. असें असूनहि मुंबईच्या मराठी मध्यम वर्गास आज जें रूप आलें आहे, तें बऱ्याच अंशीं अशा मुकाट्यानें हललेल्या बिऱ्हाडांनींच दिलें, असें आम्हांस वाटतें. नवख्या शहरांत कुटुंब न्यावयाचें म्हटलें म्हणजे गृहस्थापुढें दोन प्रश्न उभे राहतात. जागा कोठें घ्यावी? आणि मुलांस कोणत्या शाळेंत घालावें? ह्यांतील कोणता प्रश्न आधीं सुटला, हें मागाहून सांगतांना माणसें सहसा चुकतात.

आमच्याच घरचें उदाहरण घेतों. आमचे पणजोबा गिरगांवांतील चाळ सोडून पार्ल्यास राहावयास गेले ते "मुलांच्या शाळेसाठीं", असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पुढें एकदां माळ्यावरील ट्रंकेंत त्यांच्या थोरल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हातीं आला. दाखला गिरगांवांतील एका शाळेचा, साल १९२०. आणि त्याच ट्रंकेंतील भाड्याच्या पावत्या मात्र १९१८ पासून पार्ल्याच्या! म्हणजे शाळेसाठीं पार्ल्यास नेलेला मुलगा रोज आगगाडींत बसून शाळेसाठीं गिरगांवास येत होता. घरांत कोणी खोटें बोललें असें नव्हे. पार्ल्याची शाळा पुढें इतकी आपली झाली, कीं आपण तिच्यासाठींच आलों असें सर्वांस मनापासून वाटूं लागलें. आम्हीं इतर घरांत चौकशी केली तेव्हां हाच प्रकार जागोजाग आढळला, आणि ह्या लेखाचें मूळ तेथेंच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंकणांतून किंवा देशावरून मुंबईस येणाऱ्या शिकलेल्या माणसास जागेची निवड अशी करावीच लागत नसे. तो प्रथम एकटा येई, एखाद्या खानावळींत जेवे, ओळखीच्या माणसाच्या खोलींत पथारी टाकी, आणि नोकरी कायम झाली म्हणजे त्याच चाळींत रिकामी होणारी खोली पाहून कुटुंब आणी. जागा निवडी ती ओळख. आणि ओळख म्हणजे गांव, नातें आणि जात. कोटांतील कचेऱ्या पायीं गांठतां येतील अशा अंतरावर गिरगांव होतें, म्हणून ओळखीचे सारे धागे तेथें येऊन मिळत. खोल्या दोन, नळ सामाईक, आणि सांगीतलेली गोष्ट चाळभर व्हावयास अर्धा तासहि लागत नसे. तरी ह्या चाळींची एक पुण्याई मोठी होती. येथें शाळा हांकेच्या अंतरावर होत्या. धोबी तलावाच्या बाजूस सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूल आणि जेझुइटांची सेंट झेवियर शाळा; मिशनऱ्यांची विल्सन शाळा; आणि १८९७ सालीं स्थापन झालेली आर्यन एज्युकेशन सोसायटी तर गिरगांवचीच. मुलींच्या बाबतींत तर गिरगांवाचा हात धरणारें ठिकाण नव्हतें. एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांच्या सभेनें, म्हणजे स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनें, १८४९ पासून मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. मुलगा आगगाडीनें कोठेंहि धाडतां येई. मुलीस तसें धाडण्यास त्या काळीं फार थोडीं घरें धजत. तेव्हां मुलगी शिकवावयाची ज्यांनीं मनावर घेतलें, त्यांचा पाय गिरगांवांतून सहसा निघत नसे.

तो निघाला मरणाच्या भयानें. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि कांहीं महिन्यांतच अर्धी मुंबई गांवीं पळाली असें म्हणावें, इतकी माणसें शहर सोडून गेलीं. दाट चाळी, अंधार आणि गटारें हीं रोगाचीं मुळें समजून सरकारनें १८९८ सालीं कायदा करून इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुनी वस्ती फोडून काढले. आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतांत व नारळी-ताडांच्या वाड्यांत नवें नगर आंखलें. आधीं रस्ते व मोऱ्या, मग घरें. घराभोंवतीं मोकळी जागा राखलीच पाहिजे, मजले ठराविक संख्येपलीकडे चढवावयाचे नाहींत. आज ह्या गोष्टी साध्या वाटतात. परंतु गिरगांवांतील चाळीच्या जिन्याखालीं वाढलेल्या माणसास चारी बाजूंनीं उजेड येणारें घर ही नवलाचीच वस्तु होती.

तरीहि पहिलीं कित्येक वर्षें लोक तिकडे फिरकेनात. जमीन मोजून तयार, आणि राहणारा नाहीं. ह्याचें कारण आमच्या मतें भाडें किंवा अंतर एवढेंच नव्हतें. दादरास दोन रेलवेचीं दोन स्टेशनें होतीं. कचेरींत जाणाऱ्यास तेथून गाडी सोयीची होती. अडत होतें तें उरलेल्या माणसांचें. पुरुष दिवसभर कोटांत. पण बायकोस शेजार कोणाचा, आजारीपणीं डॉक्टर कोठें, आणि मुलें जाणार कोठें? ट्रस्टनें रस्ते दिले. शेजार देणें त्याच्या हातीं नव्हतें.

हा शेजार लोकांनीं दोन रीतींनीं उभा केला. एक रीत सहकाराची. १९१२ च्या कायद्यानें पतपेढ्यांपलीकडील सहकारी संस्थांसहि वाट मिळाली, आणि १९१५ सालीं रावबहादुर तालमकी यांच्या खटपटीनें गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ज्यांस एकेकट्यास घर झेपत नव्हतें त्यांस एकत्र येऊन तें झेपूं लागलें. पुढें अशाच संस्था आणि वसाहती दादर-माटुंग्यापासून थेट साष्टीपर्यंत पसरल्या. दुसरी रीत अधिक विलक्षण. ती पार्ल्यांत दिसते.

पार्लें तेव्हां मुंबईच्या हद्दीबाहेरचें खेडें होतें. १९२० मध्यें मुंबईचीं उपनगरें म्हणून जो वेगळा जिल्हा झाला, त्यांत तें पडलें. विहिरींचें पाणी, रात्रीं काळोख, पावसाळ्यांत चिखल आणि बारमास डांस, असा तेथील थाट. तेथें जे गेले ते शाळा पाहून गेले नाहींत. परवडेल त्या भाड्यांत मोकळी जागा मिळते म्हणून गेले. मग मुलांचें काय, हा प्रश्न सर्वांच्या दारीं एकाच वेळीं उभा राहिला. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक वारले. त्यांचें स्मारक काय करावें ह्याचा विचार त्या वर्षीं गांवोगांव झाला. पार्लेकरांनीं १९२१ सालीं शाळा काढली. पार्लें टिळक विद्यालय तें हेंच. सुरुवातीची मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. दोन वर्षांनीं, १९२३ सालीं, लोकमान्य सेवा संघ निघाला आणि व्याख्यानांस व वाचनास जागा झाली. गरज आणि भक्ति ह्यांची अशी गांठ पडल्यामुळें वर्गणी मागणाऱ्यासहि संकोच उरला नसावा. आपल्याच मुलासाठीं मागतांना तो लोकमान्यांच्या नांवें मागत होता.

१९२८ च्या आरंभीं कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि मग मात्र ओघ उलटला. आतां शाळेचें नांव ऐकून माणसें येऊं लागलीं. ह्याच सुमारास एक कुटुंब जोगेश्वरीहून पार्ल्यास आलें. गांवदेवींत जन्मलेला त्यांचा मुलगा तेव्हां आठ वर्षांचा होता. तो पार्ले टिळक विद्यालयांत शिकला आणि पुढें पु. ल. देशपांडे ह्या नांवानें सर्वांस ठाऊक झाला. गांवदेवी, जोगेश्वरी, पार्लें: चाळींतून उपनगरांत जाणाऱ्या त्या पिढीची सारी वाट ह्या तीन मुक्कामांत आली.

दादरची कथा निराळी. तेथें शाळा आणि वस्ती बरोबरीनें वाढल्या. इंडियन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९१७ ची. तिची हिंदु कॉलनींतील किंग जॉर्ज शाळा एवढी नांवाजली, कीं स्वातंत्र्यानंतर तिचें राजा शिवाजी विद्यालय झालें तरी जुने विद्यार्थी आपणांस किंग जॉर्जचेच म्हणवीत. रुळांच्या पश्चिमेस छबिलदास शाळा, जिच्या सभागृहानें पुढें १९७० नंतर मराठी प्रायोगिक नाटकास आसरा दिला. समुद्राकडे १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें मोठें मैदान खुलें केलें. दोन वर्षांनीं, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिकाच्या निमित्तानें, त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें, आणि भोंवतीं घरें उठलीं. १९४० सालीं दादासाहेब रेगे यांनीं तेथें बालमोहन विद्यामंदिर सुरू केलें. मॅट्रिकनंतरची अडचणहि एव्हांना संपली होती: पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीनें १९३७ सालीं माटुंग्यास रुइया कॉलेज काढलें. बिगारीपासून बी. ए. पर्यंत मुलास रूळ ओलांडण्यापलीकडे प्रवासच करावा लागूं नये, असें हें दादर. आणि दादरकरांच्या बोलण्यांत जी एक प्रकारची निश्चिंतता असते तिचा उगम येथें शोधावा.

पण हें चित्र येथेंच संपविलें तर तें अर्धें राहील. ओळखीनें बांधलेला शेजार हा ओळख नसलेल्यास बाहेर ठेवणारा शेजारहि असतो. वसाहतींचीं नांवेंच पाहा: हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, सारस्वत संस्था. आपल्या माणसांत राहावें ही इच्छा वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचे पणजोबाहि त्याच इच्छेनें राहिले. मात्र ज्यास "आपला" म्हणणारा शेजार शहरांत नव्हता, त्यानें बिऱ्हाडाचा आणि शाळेचा प्रश्न कसा सोडविला, हें पाहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

सुभेदार रामजी सकपाळ हे साताऱ्याहून आपलीं मुलें घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळींत एका खोलींत राहिले. स्वयंपाक, निजणें, अभ्यास सर्व तेथेंच. घर कसें असावें हें निवडण्याचें स्वातंत्र्य त्यांस नव्हतें. त्यांनीं निवडली ती शाळा. धाकट्या भीमरावास त्यांनीं प्रथम मराठा हायस्कुलांत आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलांत घातलें. एल्फिन्स्टन ही सरकारी आणि शहरांतील पहिल्या प्रतीची शाळा. परळपासून चांगलीच दूर. तेथेंहि भेदभाव सुटला नाहीं. संस्कृत शिकण्याची वाट बंद असल्यामुळें मुलास फारसी घ्यावी लागली. खोलींत सर्वांस एकदम निजण्याजोगी जागा नव्हती, म्हणून वडील मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहत, दोनच्या सुमारास मुलास उठवीत, आणि त्याच्या जागीं आपण आडवे होत. चरित्रकारांनीं नोंदविलेली ही हकीगत वाचतांना आमच्या ट्रंकेंतील दाखल्याची आम्हांस थोडी लाज वाटली. आमचा मुलगा आगगाडींत बसून जाई; पण त्यास घरीं दिव्याखालीं आपली अशी एक जागा होती. भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले.

पुढें आंबेडकर कुटुंब कित्येक वर्षें परळासच, इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत राहिलें. ज्या ट्रस्टनें कामकऱ्यांसाठीं ह्या चाळी बांधल्या, त्यानेंच दादर-माटुंग्याची मोकळी भूमि पांढरपेशांसाठीं आंखली होती. संस्था एक, आणि घरें दोन जातींचीं. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बाबासाहेबांनीं हिंदु कॉलनींत राजगृह बांधलें, तें मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहास जागा व्हावी म्हणून. परळच्या खोलींतून ह्या घरापर्यंतचें अंतर फार तर एक-दीड कोस असेल; तें तोडावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला. १९३५ च्या मे महिन्यांत रमाबाई ह्याच घरीं वारल्या. चाळींतील ओढगस्तीचा संसार ज्यांनीं चालविला, त्यांस मोकळ्या घरांतील दिवस थोडेच लाभले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जागांची टंचाई झाली, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें जो जेथें होता तो तेथेंच स्थिर झाला. जुनें भाडें सोडून कोण उठणार? नव्यानें येणाऱ्यास पागडी द्यावी लागे, आणि ती देण्याची ऐपत कारकुनास नव्हती. १९५० सालीं महापालिकेची हद्द अंधेरीच्या पुढें गेली. पार्लें मुंबईंत आलें आणि महागहि झालें. गिरगांवांतील आणि दादरांतील घरांत पुढची पिढी मावेनाशी झाली तेव्हां ती डोंबिवलीस गेली. तेथेंहि आधीं घर झालें आणि शाळा मागाहून आली.

ज्यांस दूर राहणें भाग आहे आणि दिवसा नोकरीहि करणें भाग आहे, त्यांनीं कोठें शिकावें, ह्याकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नव्हतें. १९४५ सालीं बाबासाहेबांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज उघडलें. तेथील वर्ग सकाळीं भरूं लागले. कारण चाळींतून निघालेल्या मुलास तास आटोपून कचेरीच्या वेळेस कामावर हजर व्हावयाचें होतें.