ताणाच्या दिवसांतले ससे

सावनेरहून कोलार नदीच्या अंगानं गेलं की आमचं वावर लागतं. घर वावरातच. पुढे आंगण, मागे न्हाणी, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर आजीची परसबाग. मोगऱ्याच्या दोन ओळी, गलांडा, जास्वंद, सदाफुली आणि कडेला पिवळी कण्हेर. नागपूरकडचा मे महिना म्हणजे ४५ अंशांचा चटका. धुऱ्यावरचं गवत वाळून मोडायचं, तरी न्हाणीमागचा तेवढा तुकडा हिरवा राहायचा. त्या हिरव्यावर रात्री ससे यायचे.

सकाळी आजी झाडायला निघाली की तिला खुणा दिसायच्या. वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या. गलांड्याचे कोवळे शेंडे तिरपे कापलेले, जसे विळीवर धरून चिरले. मोगऱ्याची नवी फूट गायब. सदाफुली अन् कण्हेर मात्र जशीच्या तशी. दोन्ही विषारी, गुरंही त्यांना तोंड लावत नाहीत. आजी म्हणायची, "त्याईले बरोबर समजते बाप्पा, काय खावं अन् काय नाही."

ससा म्हटलं की शहरातल्या पोरांना पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आठवतो. त्याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. आपला रानससा वेगळा. मातकट रंगाचा, लांब पायांचा, आणि बीळ न करणारा. गवताच्या बुडाशी अंग मावेल एवढ्या खळग्यात तो दिवसभर दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही, अंधार पडल्यावर पाजायला येते. म्हणजे सशाचं घर, दार, पाळणा सगळं एकच: जमिनीवरचं गवत.

हे ससे उन्हाळ्यातच घराशी का येत, ते मला फार उशिरा उमगलं. कारण आमच्या संत्र्यात होतं.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्रा आणला, असं सांगतात. पुढे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हा सगळा पट्टा त्याचा झाला. संत्र्याला दोन बहर. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची पावसाच्या तोंडावर. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, तो मृग धरतो. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड विसावा घेतं आणि पहिल्या पावसासरशी फुलून येतं. शेतकऱ्याच्या हिशेबात हे चोख आहे. पण एका वावरात नाही, गावच्या गाव ताणावर असलं, की रानातल्या जीवाला दीड महिना ओलं पान उरत नाही. मग तो कुठं जाणार? बाईमाणसाच्या न्हाणीमागं.

१९७४ च्या उन्हाळ्यात आबाजींनी पन्हेरी लावली होती. जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधलेली ४०० कलमं. घरचं पाणी तोडून त्यांना घातलं होतं, कारण ती विकून आत्याचं लग्न उरकायचं होतं. सशांनी एका रात्रीत वीस-पंचवीस खोडांची साल कुरतडली. आबाजी काही बोलले नाहीत. बोराटीच्या कुंपणाला जिथं खिंड होती, तिथं त्यांनी तारेचा फासा लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाशात ससी सापडली. मेलेली. आबाजींनी ती चुलीपाशी आणून ठेवली. आजीनं तिचं पोट चाचपलं, हात वर करून बोटं दाखवली. बोटांना दूध लागलं होतं.

"हे पाजती हाय जी. मी नाही शिजवत."

"अन् कलमाचं काय?"

"झाडाचं पाणी तुमी तोडलं. थे बिचारी कोठी जाईन?"

आम्ही पोरं दोन दिवस धुरा न् धुरा हिंडलो. पिल्लं सापडली नाहीत. आबाजींनी फासा काढून कोठ्याच्या खुंटीला टांगला आणि आठ दिवस बसून प्रत्येक कलमाला बोराटीचे काटे बांधले. त्या वर्षी साठेक कलमं गेलीच. आत्याचं लग्न पुढच्या वर्षावर पडलं, आणि ती आजीशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. गोष्ट गोड नव्हती.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा तेव्हा होऊन गेला होता, १९७२ सालीच. आमच्या धुऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली. म्हणजे कागदावर ससा आज आबाजींच्या काळापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पण कायद्यानं फासा काढला, गवत कोण राखणार होतं?

ते मीच मोडलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, वावराच्या पट्ट्या झाल्या. पूर्वी दोन हात रुंद असलेला धुरा ट्रॅक्टरच्या दर फेरीला तासातासानं आत सरकत गेला. उरलं ते मी तणनाशकानं जाळलं, आणि जाळल्यावर वावर कसं स्वच्छ दिसते म्हणून चार लोकांना दाखवलंही. बोअर झाली, ठिबक आलं. न्हाणीचं बाथरूम झालं, सांडपाणी शोषखड्ड्यात गेलं.

आजीचा मोगरा अजून आहे, आता नळीवर. यंदा असा फुलला की सून रोज ताटभर फुलं काढते. एक शेंडा तिरपा कापलेला नाही. पाहुणे म्हणतात, बाग छान राखली. मला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या पावसाळ्यापासून पूर्वेच्या बांधाला दोन हात पट्टी मी नांगराविना सोडली आहे. शेजारी विचारतो, "का जी भाऊ, डिझेल सरलं का?" मी हो म्हणतो. पट्टीवर कुसळी माजली आहे, बोराटीही उगवली आहे. लेंडी अजून दिसलेली नाही. पण ताणाचे दिवस आहेत, मृगाला अवकाश आहे. सकाळी दात घासत मी एक फेरी तिकडून मारतो.