अस्थिरता-प्रसार निर्देशांक

एका वित्तीय बाजारातील भावांची अस्थिरता इतर बाजारांतील धक्क्यांशी किती निगडित आहे, हे सांगणारे संख्याशास्त्रीय माप. फ्रान्सिस डीबोल्ड व कामिल यिल्माझ यांनी २००९ साली १९ शेअर बाजारांच्या अभ्यासातून ते मांडले आणि २०१२ मध्ये सुधारले.

व्हेक्टर ऑटोरिग्रेशन या प्रतिमानात प्रत्येक बाजाराच्या अस्थिरतेचा अंदाज सर्व बाजारांच्या मागील अस्थिरतेवरून बांधतात. अंदाज चुकतोच. त्या चुकीच्या प्रचरणातला (व्हेरियन्समधला) किती हिस्सा स्वतःच्या धक्क्यांचा आणि किती इतरांच्या धक्क्यांचा, याची वाटणी करून इतरांच्या हिश्शांची सरासरी काढली की एकूण निर्देशांक मिळतो.

२०१२ च्या अभ्यासात अमेरिकेतील शेअर, रोखे, परकीय चलन आणि कमोडिटी या चार बाजारांसाठी जानेवारी १९९९ ते जानेवारी २०१० या काळाचा निर्देशांक १२.६ टक्के आला. शेअर बाजारातली तेवढी अस्थिरता उचलून रोख्यांकडे गेली, असा याचा अर्थ नव्हे, तरी तो सर्रास तसा लावला जातो. आकडा वाटणीचा आहे, वाहतुकीचा नाही. शिवाय तो बाजारांच्या संख्येवर अवलंबून असतो: सर्व हिस्से अगदी सारखे पडले तर ४ बाजारांत निर्देशांक ७५ टक्के येईल, १९ बाजारांत सुमारे ९५. त्यामुळे वेगवेगळ्या संचांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे.

२००९ च्या पद्धतीत बाजार कोणत्या क्रमाने मांडले यावर उत्तर बदलत असे. २०१२ मध्ये पेसरान आणि सहकाऱ्यांची सामान्यीकृत वाटणी वापरून ही अडचण दूर केली. पण त्यात धक्के परस्परांशी निगडितच राहतात. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या एका घोषणेने चारही बाजार एकदम हलले, तरी वाटणीच्या तक्त्यात ते एकमेकांना ‘देताना’ दिसतात. ‘निव्वळ देणारा’, म्हणजे घेण्याहून अधिक देणारा, बाजार हा कारण असतोच असे नव्हे. निव्वळ शून्य म्हणजे अलिप्तताही नव्हे. देणे-घेणे दोन्ही मोठे असून बरोबरीत सुटलेले असू शकते.

या आकड्यांत घड्याळाचाही हात असतो. मुंबईचे व्यवहार दुपारी साडेतीनला थांबतात, न्यूयॉर्कचे भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सातला किंवा आठला सुरू होतात. न्यूयॉर्कच्या सोमवारच्या धक्क्याला मुंबई मंगळवारीच उत्तर देऊ शकते. तारखेवार आकडेवारीत मग न्यूयॉर्क पुढे आणि मुंबई मागे दिसते. त्यातले किती खरे नेतृत्व आणि किती वेळापत्रक, हे निर्देशांक वेगळे करत नाही.

काळानुसार बदल पाहण्यासाठी सरकती खिडकी, म्हणजे दर वेळी फक्त अलीकडचे ठरावीक दिवस धरणारा हिशोब, वापरतात; २०१२ च्या अभ्यासात २०० दिवसांची. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळल्यावर प्रसार तीव्र झाला, हे तिच्यातून ठळक दिसले. मात्र मोठा धक्का खिडकीत २०० दिवस टिकतो आणि बाहेर पडताच आलेख खाली येऊ शकतो, त्या दिवशी बाजारात काहीही घडलेले नसले तरी.