गांधीलमाश्या, गाठी करणाऱ्या व परोपजीवी (रायगड किनारा)

वनस्पतीची ऊती फुगवून त्या गाठीतच अळी वाढवणारी गांधीलमाशी आणि दुसऱ्या कीटकावर अळी पोसून अखेर त्याचा जीव घेणारी परोपजीवी गांधीलमाशी, असे दोन गट मानले जातात. पहिल्या गटासाठी पाठ्यपुस्तके ओक वृक्षावरच्या सिनिपिडी कुलाचा दाखला देतात. अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यात ओक नाही. येथे उंबर फोडावे. त्यातली केंबरी, म्हणजे फळात वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या, पाहिली की पटते, हा भेद कुलावरून वा शरीराच्या ठेवणीवरून ठरत नाही. अळी काय खाते, त्यावरून ठरतो. सेरॅटोसोलेन फ्यूसिसेप्सची मादी फळाच्या तोंडातून आत शिरते, परागण करते आणि काही फुलांच्या अंडाशयांत अंडी घालते. त्या अंडाशयांच्या गाठी होतात. तिच्याविना उंबरात बी धरत नाही, म्हणून प्रत्येक गाठीला रोग म्हणणे चूक आहे. अपोक्रिप्टाची मादी मात्र बाहेरूनच साल भेदते आणि तिची अळी गाठीतल्या अळीला खाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना तिच्या अंडनलिकेच्या टोकात जस्त आढळले (२०१४). परागण करणाऱ्या मादीत ते नव्हते.

मग अंडनलिकेवरूनच ओळख का पटवू नये? कारण त्याच उंबरावर सायकोफॅगाच्या काही जाती लांब अंडनलिकेने बाहेरूनच साल भेदतात, पण त्या स्वतःच्या गाठी करतात. लांबी फळाच्या जाडीला दिलेले उत्तर आहे, आहाराची खूण नव्हे. कुलाचा आधारही टिकत नाही. युलोफिडी कुल बहुतांशी परोपजीवी. तरी त्यातल्याच क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनीने (वर्णन २००४) पांगाऱ्याची पाने व कोंब गाठींनी विद्रूप करत अनेक देश व्यापले. तिला आवरण्यासाठी हवाईत २००८ मध्ये आफ्रिकेतली युरिटोमा एरिथ्रिनी सोडली गेली. तिची अळी एका भक्ष्यावर न थांबता शेजारच्या कप्प्यांतल्या अळ्याही खाते, म्हणजे ती परोपजीवीपेक्षा शिकारीच अधिक. आहाराचा निकषही काठावर असा सैल पडतो, हा आक्षेप खरा आहे; पण निदान तो अळीच्या प्रत्यक्ष जगण्यावर बोट ठेवतो.

बागायतदाराला याचा थेट उपयोग आहे. आंब्याच्या पानांवरच्या गाठी प्रोकॉन्टॅरिनिया या चिमुकल्या द्विपंखी माश्या करतात; त्यांतून गांधीलमाशी निघाली, तर ती बहुधा गाठ करणारीला मारून निघालेली असते. तिला कीड समजून फवारणी केली, तर बागेची राखणदारच मरते.