एक रचना म्हणजे काय?

तेर हे गाव ग्रीक भाषेतील व्यापारी वृत्तांतातही ‘तगर’ या नावाने आढळते. पण आपणां मराठी माणसांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक. काकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे सांगितले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तीच कसोटी आज आम्ही एका प्रश्नाला लावणार आहो. संगणकात गाण्यांची नोंद करावयाची, तर ‘एक रचना’ कशाला म्हणावे?

अभंगांच्या गाथा पाहा. तेथे रचना म्हणजे शब्द. शेवटी संताची नाममुद्रा. चाल गाणाऱ्याची. गोरोबांचा एकच अभंग दोन भजनी मंडळे दोन चालींवर म्हणतात, तरी तो अभंग एकच. उलट, पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत बंदिश येते ती राग, ताल आणि स्वरलिपीसह. तेथे शब्द तेच ठेवून राग बदलला, तर बंदिश निराळी झाली. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ साली कृती, तिचा आविष्कार, त्याचे प्रकाशन आणि हातातील प्रत अशा चार पायऱ्या मांडल्या. पण अभंगाची ‘कृती’ कोठे संपते आणि चाल कोठे सुरू होते, हे आपले आपणच ठरवले पाहिजे.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. ‘अवघे गरजे पंढरपूर’ हे पद घ्या. ऐकणाऱ्याला ते सहज संतवाणी वाटते. वस्तुतः ते ‘संत गोरा कुंभार’ या नाटकातले; शब्द अशोकजी परांजपे यांचे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, स्वर प्रकाश घांग्रेकर यांचा. नोंदीत एकच रकाना असेल, तर नाटकाचे नाव कवीच्या जागी जाऊन बसावयास कितीसा वेळ लागणार? मग संताच्या पदरी नसलेले पद पडेल आणि खऱ्या कवीचे नाव पुसले जाईल.

म्हणून आमचे म्हणणे असे, की शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात, परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, आणि प्रत्येकीवर तिच्या कर्त्याचे नाव असावे. भजनाच्या चालीचा कर्ता बहुधा ठाऊक नसतो. तेथे ‘परंपरागत’ असे प्रामाणिकपणे लिहावे, संताचे नाव घालू नये. या थापटण्याने ठोकून पाहिल्याखेरीज कोणतीही नोंद पक्की म्हणू नये.