संगणकांतील कलमें आणि त्यांचीं कुलुपें

संगणकाला पेन-ड्राइव्ह जोडला कीं त्यांतील फायली क्षणांत पडद्यावर दिसूं लागतात. जोडणाऱ्यास त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. परंतु त्या क्षणीं आंत एक नाजूक शस्त्रक्रिया होत असते, आणि ती सुखरूप कशी करावी हें ठरविण्यांत सुमारें पंचेचाळीस वर्षें गेलीं.

इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीचा पाया घातला. तींत सर्व फायली एकाच वृक्षावर असतात. मूळ एक, त्याला फांद्या, शेवटीं पानें. फायली ज्या फांदीवर लागतात तिला डिरेक्टरी म्हणतात. नवी तबकडी जोडली म्हणजे तिच्यावरील स्वतंत्र वृक्ष या मोठ्या वृक्षाच्या एका पानाच्या जागीं बसवावयाचा, असें या दोघांच्या १९७४ सालच्या निबंधांत वर्णन आहे. या क्रियेचें रूढ नांव 'माउंट'. आमचा कोंकणांतला बागाईतदार तिला बेलाशक कलम म्हणेल.

त्या काळीं कुलुपाची फारशी पंचाईत नव्हती. यंत्रांत प्रोसेसर, म्हणजे काम करणारा मेंदू, एकच. आणि प्रणालीच्या गाभ्यांत शिरलेलें काम आपण होऊन थांबेपर्यंत दुसऱ्या कामास पाळी मिळत नसे. पुढें एका यंत्रांत अनेक प्रोसेसर आले आणि वृक्षावर एकाच वेळीं अनेक वाटसरू चढूं लागले. एकजण मुळापासून वाट काढीत फांदीवर पोंचला आहे, आणि नेमक्या त्याच क्षणीं दुसरा ती फांदी कलमासकट उतरवीत आहे. पहिल्याचा पाय पडावा कोठें? ती नोंद जेथें होती ती स्मृतींतील जागा आतां भलत्याच कामास दिलेली असते. यंत्र कोसळतें, किंवा, त्याहून वाईट, न कोसळतां एकाचें गुपित दुसऱ्यास दाखवितें.

हा परस्परांस वगळण्याचा प्रश्न हॉलंडचे एड्सगर डाइकस्ट्रा यांनीं १९६५ सालींच मांडला होता. त्यांच्या साधनाला 'सेमाफोर' हें रेल्वेच्या सिग्नलाचें नांव आहे. एकेरी मार्गावर ज्याच्या हातीं टोकन त्याचीच गाडी पुढें, तसाच हा प्रकार.

याचा पुढील इतिहास लिनक्स या प्रणालींत स्पष्ट दिसतो, कारण तिची घडण सर्वांस वाचावयास मोकळी आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें ती १९९१ मध्यें सुरू केली. १९९६ च्या २.० आवृत्तींत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, ती अगदीं ठोकळ उपायानें: साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठें कुलूप. वाड्याच्या दिंडीदरवाजासच कुलूप घातलें कीं आंत झटापट होत नाहीं हें खरें. पण परसांतल्या कामासाठीं माजघरांतल्यानें कां खोळंबावें? तें कुलूप हळूहळू खोलीखोलीच्या लहान कुलुपांत वांटलें गेलें आणि मे २०११ मध्यें पूर्णपणें निघालें. पंधरा वर्षें! मला या चिकाटीचें कौतुक वाटतें. कुलूप घालण्यापेक्षां, तें येथें कशाचें रक्षण करीत होतें हें हुडकून काढणें फार कठीण.

कलम बांधणारे थोडे असतात. त्यांची रीत अशी. आधीं जागा शोधावी, मग त्या डिरेक्टरीला कुलूप लावावें, मग कलमांच्या नोंदवहीला. आणि (खरें शहाणपण येथेंच आहे) पुन्हां एकदां पाहावें. जागा सांपडणें आणि कुलूप लागणें यांच्या मधल्या निमिषांत कोणी ती डिरेक्टरी पुसली असेल, तर काम सोडून द्यावें. कोणी तेथें आपलें कलम आधींच बांधलें असेल, तर दोन्ही कुलुपें उघडून त्या नव्या कलमाच्या माथ्यावर जावें व पहिल्यापासून आरंभ करावा. कुलुपांचा क्रमही सर्वांनीं एकच पाळावयाचा. नाहींतर एकाच्या हातीं एक, दुसऱ्याच्या हातीं दुसरें, आणि दोघेही परस्परांची वाट पाहात जन्मभर उभे.

वाट चालणारे मात्र अगणित. प्रत्येक फांदीवर 'येथें कलम आहे काय?' हें त्यांना विचारावें लागतें. त्यांच्यापुरती कुलुपाची कल्पनाच टाकून देण्यांत आली. पॉल मॅक्केनी यांनीं पुरस्कारलेली पद्धत २००२ मध्यें लिनक्सच्या विकासांत आली: वाचकानें कुलूप लावूं नये, काढलेली नोंद मात्र, ती पाहात असलेला शेवटचा वाचक निघून जाईपर्यंत नष्ट करूं नये. निक पिगिन यांच्या प्रयत्नानें मार्च २०११ पासून वृक्षाची बहुतेक वाट या रीतीनें चालतां येऊं लागली. पुढें या विभागाचे जुने रखवालदार अल व्हिरो यांनीं कलमांवर आकड्याचा पहारा बसविला. तो जानेवारी २०१४ च्या आवृत्तींत आला. बदल करणारा आरंभीं व शेवटीं आकडा एकानें वाढवितो. विषम आकडा म्हणजे काम चालू. वाचक आकडा टिपून घेतो, वाचतो, पुन्हां आकडा पाहतो. तो बदललेला असेल तर वाचलेलें सारें टाकून देतो.

एक गुंता तरीही राहिला होता. २००२ पासून निरनिराळ्या कामांना कलमांचा आपापला खासगी पट ठेवतां येऊं लागला. एकानें आपल्या पटांत एखाद्या डिरेक्टरीवर कलम बांधलें, तर ज्याला तें दिसतही नाहीं अशा दुसऱ्यास ती डिरेक्टरी पुसतां येत नसे. न दिसणाऱ्या भाडेकरूनें घर अडवून बसावें, त्यांतली ही गत. एरिक बीडरमन यांच्या सुधारणेनें डिसेंबर २०१४ मध्यें नियम उलटला: डिरेक्टरी पुसली जाते आणि तिच्यावरचीं परक्या पटांतलीं कलमें आपोआप सुटतात. पुसणाऱ्याच्या स्वतःच्या पटांत कलम असेल, तर मात्र जुनी मनाई कायम आहे.