जिवंत देह आणि मूळ संहिता : 'जोगवा', 'नटरंग' आणि 'कोबाल्ट ब्लू'

साहित्यकृतीवरून चित्रपट झाला की मराठी समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : मूळ कृतीला न्याय मिळाला का? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. मूळ कृती आपल्या पात्रांना न्याय देणारी आहे, आणि माध्यमांतरात घट होणे तेवढे शक्य आहे, असे ते गृहीतक. समलिंगी प्रेम किंवा स्त्री-पुरुषपणाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या व्यक्ती हा जेथे विषय असतो, तेथे हे गृहीतक टिकत नाही. अशा व्यक्तींविषयी मराठीत जे लिहिले गेले ते पुष्कळदा सहानुभूतीने लिहिले गेले. पण सहानुभूती आणि न्याय यांत अंतर आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे त्याचे ठळक उदाहरण. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगभूमीवर आणण्याचे धाडस तेंडुलकरांनी केले, हे निर्विवाद. तरी मित्राची गोष्ट सांगतो बापू, आणि ती संपते मित्राच्या आत्महत्येने. शीर्षकात 'मित्रा' आहे. निवेदनाची मालकी मात्र पुरुषाकडे आहे.

संहिता वाचताना ही मालकी जितकी पक्की वाटते तितकी ती प्रयोगात राहत नाही. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रयोगात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. रंगमंचावर मित्रा बापूच्या वाक्यांतून कळत नाही. ती स्वतः उभी असते, चालते, गप्प बसते. निवेदक तिच्याविषयी जे सांगतो ते खरे की नाही हे पाहण्याची संधी प्रेक्षकाला मिळते. शब्दाला जे झाकता येते ते देहाला झाकता येत नाही. मूळ कृतीतील दोषांची दुरुस्ती रूपांतरात होते ती बहुधा या वाटेने, आणि कित्येकदा रूपांतरकाराच्या हेतूपलीकडे.

जपानमध्ये या प्रश्नाचा ऊहापोह मराठीपेक्षा अधिक झाला आहे. स्त्री-लेखिकांनी मुख्यतः स्त्री-वाचकांसाठी रचलेल्या पुरुष-पुरुष प्रेमकथांची तेथे एक मोठी परंपरा आहे. 'बॉईज लव्ह' किंवा 'बीएल' या नावाने ती पुढे आशियाभर पसरली. १९९२ मध्ये एका स्त्रीवादी नियतकालिकात एका समलिंगी कार्यकर्त्याने तिच्यावर घणाघाती टीका केली. या कथा आमच्या देहांचा करमणुकीसाठी वापर करतात, प्रत्यक्षातल्या समलिंगी पुरुषांशी त्यांना काही देणेघेणे नाही, असा त्याचा आक्षेप होता. हा वाद पुढे काही वर्षे चालला. बळजबरीने सुरू झालेल्या संबंधाला प्रेमाचे नाव देणे हा या प्रकाराचा एक जुना दोष. कागदावर, रेखाचित्रात तो खपून जातो. अलीकडे जपान, थायलंड येथे अशा कथांच्या मालिका झाल्या, तेव्हा असे प्रसंग पुष्कळदा गाळावे किंवा बदलावे लागले. त्यामागे बाजार आणि प्रसारणाचे नियमही आहेत. पण खरा नट दुसऱ्या खऱ्या नटाला भिंतीशी दाबून धरतो तेव्हा त्या दृश्याला प्रेम म्हणणे अवघड होते, हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

माध्यमांतर किंवा पुनर्निर्मिती झाली की दुरुस्ती आपोआप होते, असा मात्र याचा अर्थ नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चे (२०१६) बरेचसे चित्रीकरण त्याच परिसरात झाले. हिंदीत 'धडक' (२०१८) करताना कथा उदयपूरला गेली आणि जात जवळजवळ विरघळली. शेवटी 'सैराट'मध्ये दोघेही मारले जातात आणि मूल उरते. 'धडक'मध्ये मुलगी उरते. बदल घटनेत झाला. हिंसा कोणत्या व्यवस्थेतून येते हा प्रश्न मात्र जागच्या जागी निकामी झाला. शेवट बदलणे आणि मूळ कृतीची नजर बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

करमाळा-माढा-माळशिरसच्या या टापूत पुरुषाने लुगडे नेसणे ही काही अद्भुत गोष्ट नव्हे. गवळणीतली मावशी पुरुषच असतो. मोडनिंबच्या संगीतबाऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. अशा प्रेक्षकाला स्त्रीवेषातला पुरुष पाहून धक्का बसत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो : ढोलकी थांबल्यावर त्या माणसाचे काय होते? अवघ्या तीन-चार महिन्यांच्या अंतराने आलेल्या 'जोगवा' (सप्टेंबर २००९) आणि 'नटरंग' (जानेवारी २०१०) या दोन चित्रपटांनी हाच प्रश्न हाताळला. दोन्ही कथांचे मूळ कोल्हापूर भागातील ग्रामीण लेखनात आहे.

राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' हा राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या व चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर आधारलेला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या माणसांचे जग गवसांनी गडहिंग्लज परिसराच्या कन्नडमिश्रित बोलीतून उभे केले, आणि त्या जगाचा असा आतला तपशील मराठीत आधी क्वचितच आला होता. परंतु या लेखनाचा केंद्रबिंदू रूढीने चिरडलेला माणूस हा आहे. सुली आणि तायाप्पा कथानकात येतात ते चिरडले जाण्यासाठी. त्यांना वेदना आहे. स्वतःची निवड करण्याला जागा जवळजवळ नाही.

पटकथाकार संजय कृष्णाजी पाटील यांनी दोन कादंबऱ्यांतील ही दोन माणसे एकत्र आणली. मुक्ता बर्वे यांची सुली आणि उपेंद्र लिमये यांचा तायाप्पा एकमेकांवर प्रेम करतात आणि अखेर देवीचे बंधन झुगारतात. ही दुरुस्ती लहान नाही. बळीच्या जागी इच्छा असलेली माणसे आली. 'जीव रंगला' या गाण्याने ती इच्छा घराघरांत पोहोचली. छप्पन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'जोगवा'ला सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा व लिमये यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, तो अस्थानी नव्हता.

मात्र देह येथे दुसरीही एक गोष्ट सांगून जातो. लिमये यांचा रांगडा, पीळदार देह हिरव्या लुगड्यात पाहताना प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून कळते की हा 'खरा' पुरुष आहे आणि लुगडे त्याच्यावर लादलेले आहे. त्यामुळे मुक्ती म्हणजे लुगडे फेडणे आणि स्त्रीवर प्रेम करणे, हे समीकरण कथानकाच्याही आधी नटाच्या निवडीतच ठरून जाते. ज्याला लुगडे फेडायचेच नाही, ज्याचे मन पुरुषावर जडले आहे, असा जोगता या मुक्तीत कोठे बसतो? रूढीचा अन्याय दूर करताना चित्रपट नकळत दुसऱ्या रूढीच्या आश्रयाला गेला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तीन महिन्यांच्या आत 'जोगवा' प्रदर्शित झाला. चित्रपट त्याआधीच पूर्ण झाला असल्याने निकालाचा त्यावर परिणाम शोधणे व्यर्थ आहे. पण प्रेक्षकाने ही दोन्ही विधाने एकाच पावसाळ्यात ऐकली, हे खरे.

'नटरंग'विषयी थोडक्यात सांगता येईल. आनंद यादवांचा गुणा कलेच्या वेडापायी नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. रवी जाधव यांच्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांचा पहिलवानी देह डोळ्यांदेखत बदलतो, आणि नाच्याच्या वाट्याला येणारी लैंगिक हिंसा पडद्यावर टाळता येत नाही, हे त्याचे बळ. पण उत्तरार्धात गुणाला सन्मानाच्या व्यासपीठावर आणून बसवले जाते. त्याचे दुःख भरून निघाल्यासारखे होते. नाच्याला हिणवणारा समाज तसाच राहतो. याच दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट 'बालगंधर्व' (२०११) होता. नाटकगृहातल्या शालूला समाजाने वंदन केले आणि फडावरच्या लुगड्याला टवाळी दिली. हा फरक कलेचा कमी आणि जातीचा अधिक होता, हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय जाणवत नाही.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'ची (मौज, २००६) गोष्ट वेगळी. येथे लेखकानेच पटकथा लिहिली. पुण्यातील मध्यमवर्गीय घरात एक तरुण पेइंग गेस्ट येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही त्याच्यावर प्रेम करतात, आणि तो अनुजाबरोबर निघून जातो. तनय आपल्या भागात त्या नाहीशा झालेल्या माणसाला 'तू' म्हणून संबोधतो. मराठी गद्यात पुरुषाने पुरुषाला उद्देशून इतका निःसंकोच 'तू' फारसा उच्चारलेला नाही. कादंबरीचे ऐतिहासिक महत्त्व त्यातच आहे. तिची अडचणही त्यातच आहे. संबोधनाच्या उत्कटतेत वयाचे अंतर, अनुभवाची विषमता आणि 'तू'चे सोयीस्कर मौन विरून जाते. वाचकाला तनयचा आवाज ऐकू येतो, त्याचे वय दिसत नाही.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या चित्रपटात ते दिसते. नीलय मेहेंदळे यांचा कोवळा तनय आणि प्रतीक बब्बर यांचा स्वतःच्या देहाविषयी निर्धास्त असलेला पाहुणा एका चौकटीत आले की कोणाला काय गमवावे लागणार हे संवादाविना कळते. शिवाय चित्रपटाने १९९६ हा काळ निश्चित केला आणि साहित्य शिकवणाऱ्या, आपली ओळख झाकून जगणाऱ्या एका प्राध्यापकाची व्यक्तिरेखा तनयसमोर ठेवली. कलम ३७७ च्या छायेत वाढलेल्या आधीच्या पिढीचा एकाकीपणा, आणि त्या एकाकीपणातून विद्यार्थ्याकडे वळणारी अनुचित ओढ, दोन्ही त्यात आहेत. कादंबरीतले खाजगी दुःख येथे इतिहासाला जोडले जाते. हे श्रेय चित्रपटाला द्यावेच लागेल.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजली गेली. पहिली जागेची. मराठी कुटुंब ठेवूनही घर फोर्ट कोचीला गेले आणि संवाद मुख्यतः हिंदी-इंग्रजीत आले. समुद्र, निळाई, जुनी वास्तू यांनी दृश्ये देखणी झाली; परंतु पुण्याच्या घरातली ती विशिष्ट शांतता, जिच्यात सर्वांना सर्व कळते आणि कोणी काही बोलत नाही, ती मागेच राहिली. दुसरी किंमत अनुजाची. कादंबरीचा दुसरा भाग तिच्या स्वतःच्या शब्दांत आहे. त्यामुळे भावाने सांगितलेली कथा बहिणीकडून पुन्हा तपासली जाते, आणि 'तू'चे दैवतपण तिच्या कोरड्या नोंदींनी उतरते. चित्रपट बहुतांशी तनयबरोबरच चालतो. अंजली शिवरामन यांची हॉकी खेळणारी, केस कापणारी अनुजा पडद्यावर लक्षात राहते. मात्र तिचे परत येणे प्रेक्षक पाहतो ते भावाच्या खिडकीतून.